जोडवी आणि पेडल

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू येऊन पडले, रस्ता निम्मा झाला, की माझ्या डाव्या पायाचं दुसरं बोट ठणकायला लागतं. डॉक्टर म्हणतात, त्या बोटाला आता काहीही झालेलं नाही. नसेल. पण हे बोटाला कोणी कळवलेलं नाही. पाऊस हात आवरता घेतो, ऊन अंगाला चिकटायला लागतं, खडवलीकडची भातं पिवळी पडतात आणि त्या बोटातून निघालेली ठणक सरळ डोक्यात जाते. तळपायाची आग मस्तकात गेली असं आपण सहज म्हणतो. त्या आगीचा रस्ता मला नीट माहीत आहे, कारण एका नवरात्रात मी तो अख्खा चालून आले आहे.

मी सायकल चालवते. यात सांगण्यासारखं काही नसावं, पण सांगावं लागतं. शेहेचाळीस वर्षांची बाई सायकल चालवते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जिममधली जागच्या जागी फिरणारी सायकल येते, नाहीतर भाजीच्या पिशवीची पुढची जाळी. माझी सायकल जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, डोंगरात न्यायची. रविवारी पहाटे आम्ही वर्तकनगरची काही मंडळी गाड्यांच्या मागे सायकली बांधून निघतो, कल्याण-डोंबिवलीवाले वाटेत येऊन मिळतात आणि खडवलीला पोहोचेपर्यंत उजाडलेलं असतं. नदी ओलांडली की माळ सुरू होतो. त्या माळावर चढून पलीकडच्या भातखाचरांत उतरणारी एक वाट आहे, सगळी सुट्या दगडांची. आम्ही तिला नुसतं ‘उतार’ म्हणतो. पावसाळाभर ती वाहत असते. आश्विनात वाळते, कडेला सोनकी फुललेली असते, भाताचा गोडसर वास वर येतो आणि वर्षातून थोडेच आठवडे अशी वाट मिळते म्हणून सगळ्यांना घाई असते.

त्या उतारावर माझे पाय पेडलवर ठरायचे नाहीत. दगडावरून सायकल उडाली की पाय सुटायचा आणि पेडल फिरून नडगीवर बसायचं. साध्या सपाट, म्हणजे फ्लॅट पेडलला पकडीसाठी बारीक खिळे असतात. त्यांची नक्षी माझ्या दोन्ही नडग्यांवर अजून आहे. ऑफिसात एकीने हळूच, दार लावून, घरी सगळं ठीक आहे ना असंही विचारलं होतं. मला त्या उतारावरून एकदा वरपासून खालपर्यंत पाय न सुटता उतरायचं होतं. मागणं एवढंच.

त्यावर उपाय आहे. त्याला क्लिपलेस पेडल म्हणतात. नावावरून वाटतं की त्यात काही अडकत नसेल, आणि ते पेडल तर पाय अडकवण्यासाठीच असतं. बुटाच्या तळव्याला खालून एक लहानसा लोखंडी तुकडा बसवतात, क्लीट. तो पेडलच्या जबड्यात दाबला की खट्कन अडकतो आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटतो. पूर्वी पाय वरून पट्ट्यांनी बांधायचे, त्या पट्ट्या गेल्या म्हणून हे नाव पडलं म्हणे. असलं नाव ठेवणाऱ्यावरही माझा राग आहे, पण तो किरकोळ.

खरा राग पुढे आहे. मी क्लिपलेस घेणार म्हटल्याबरोबर माझ्या पायांवर सगळ्यांचा हक्क निर्माण झाला. आमच्या ग्रुपचे म्होरके निमकर सर. आठवडाभर ते एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असतात आणि रविवारी आमच्यावर.

“वैशालीताई, तुम्हाला फ्लॅटच बरे,” ते म्हणाले. “घाबरलं की पाय पटकन खाली टेकता येतो.”

“मी कधी घाबरले?”

“नाही हो, घाबरलात तर म्हणतोय.”

“तुम्ही घाबरलात तर?”

“माझी गोष्ट वेगळी आहे, ताई. मला सवय आहे.”

सवय! सवय काय पोटातून घेऊन येतो माणूस? डोंबिवलीचा एक जण माझ्यानंतर वर्षभराने ग्रुपमध्ये आला, तेव्हा याच सरांनी स्वतःची जुनी पेडलं त्याच्या सायकलला स्वतः बसवून दिली होती. दोनदा आपटला बिचारा. दोन्ही वेळा सगळे हसले, त्याच्या पाठीवर थाप पडली आणि मिसळ झाली. पडण्याचासुद्धा मान असतो, आणि तो सगळ्यांना सारखा मिळत नाही.

मी महिनाभर वाचलं, बघितलं, विचारलं. मग घोडबंदर रोडच्या एका दुकानात गेले. सोबत माझा नवरा होता, सुहास. गाडी चालवायला आलेला. सुहासला सायकलची चेन पडली तर ती कुठून पडली हे शोधायला चष्मा लागतो. दुकानातल्या पोराने त्याच्याकडे बघून विचारलं, “हां सर, मॅडमसाठी ना? कलर कुठला दाखवू?”

सुहासने माझ्याकडे बघितलं. पोराने नाही बघितलं. रस्त्यावरच्या सायकलींची पेडलं वेगळी, त्यांची क्लीट मोठी, प्लास्टिकची, बुटाच्या बाहेर आलेली; ती घालून डोंगरात उतरायची वेळ आली तर चालता येत नाही, घसरायला होतं. डोंगरातली क्लीट लहान, लोखंडी, तळव्याच्या खाचेत आत बसलेली. पेडलमध्ये चिखल अडकू नये, दोन्ही बाजूंनी पाय बसावा. हे सगळं तो सुहासला समजावत होता आणि सुहास मान हलवत होता. मी मध्येच म्हटलं, “दोन्ही बाजूंनी अडकणारं दे, भोवती छोटी चौकट असलेलं, पाय सुटला तरी टेकायला जागा राहील असं. स्प्रिंग एकदम सैल करून दे.” पोराने पुन्हा सुहासकडेच बघितलं. मग म्हणाला, “सर, मॅडम को तो सब मालूम है!”

पेडलं मी निवडली होती आणि ती बरोबर होती. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

मग बूट आले. हे बूट साध्या बुटांसारखे नसतात. तळवा फळीसारखा ताठ असतो आणि पुढचं नाक कडक. अडतीस नंबरचा बूट माझ्या पायाला टाचेपासून चवड्यापर्यंत छान बसला, फक्त एका जागी नाही. दुसऱ्या बोटात माझी जोडवी आहेत. होती. लग्नातली, चांदीची, जाड वेढ्याची, चिपळूणच्या सोनाराने घडवलेली. चपलेत त्यांची आठवणही होत नाही. त्या कडक बुटात पाय दाबला, तसं जोडवं शेजारच्या बोटात रुतलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

“एक साइज अप घेऊ या ना मॅडम,” पोरगा म्हणाला. “जाडे सॉक्स डालो, फिट हो जाएगा.”

“हां, घे की,” सुहास म्हणाला. “मोठेच बरे. मी गेलेलो ना ट्रेकला, तेव्हा मोठेच घेतलेले.”

तर एकोणचाळीस नंबर घरी आला. घरी घालून बघितला, तर बोटं खूश आणि टाच आत हलतेय. मला तेव्हाच कळलं की हे बरोबर नाही. बूट बदलून अडतीस आणायचे आणि रविवारपुरती जोडवी काढून ठेवायची, एवढा साधा हिशोब होता. मी तो संध्याकाळी चहाच्या वेळी सासूबाईंपुढे मांडला. आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. आई निवडत असलेली मेथी बाजूला न करता म्हणाल्या, “ती काढायची वेळ बाईवर एकदाच येते, वैशाली. आपण होऊन ती आणायची नसते.”

“आई, मी काय एवढ्यात जात नाही,” सुहास हसत म्हणाला. “तिला दोन तासांसाठी काढायचीयत.”

“तू बोलू नकोस असलं काहीतरी. देवाची दिवाबत्ती व्हायचीय.”

सुहास बोलायचा थांबला. तेवढ्या लवकर तो दुसऱ्या कुठल्याही वेळी थांबत नाही. मला त्याच्या बोटाकडे बघवेना. लग्नातली त्याची अंगठी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कपाटात गेली आहे. कीबोर्डवर टोचते म्हणून. टोचते म्हणाला आणि काढली. संपला विषय! त्या दिवशी कोणाची दिवाबत्ती अडली नाही, कोणी मेथी निवडता निवडता आयुष्याच्या शेवटाची आठवण करून दिली नाही. मी डोंबिवलीला माझ्या आईला फोन लावला, निदान आपल्या बाजूने कोणी असावं म्हणून. ती म्हणाली, “अगं, सासूबाई नको म्हणाल्या ना? मग मला कशाला विचारतेस?” फोन ठेवताना तिने वर हेही विचारलं की नडगीला हळद लावतेस ना.

निमकर सरांना पेडल, बूट, स्प्रिंग, टाचेचा कोन सगळं माहीत होतं, पण पायाच्या बोटात जोडवं असू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. आईंना जोडव्याचं सगळं माहीत होतं, पण टाच वळवून पाय सोडवायचा असतो हे त्यांना का माहीत असावं? दोन्हीकडची माहिती होती एकट्या मला, आणि माझं मत कोणी मागत नव्हतं. मी जाड मोजे चढवले.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंत धरून सराव सुरू केला. अडकव, वळव, सोड. भिंतीला धरून उभं असताना सगळं जमायचं, कारण सावकाश वळवता यायचं. वरच्या गॅलरीतून रोज कोणीतरी बघायचं. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी एकदा खाली वाकून विचारलं, “वहिनी, गुडघ्याचा व्यायाम का?” मी हो म्हटलं. प्रत्येकाला उत्तर देत बसले असते, तर घटस्थापना पार्किंगमध्येच झाली असती.

नवरात्रातला रविवार उजाडला. खडवलीच्या माळावर धुकं होतं, दगड अजून थोडे ओले. मी उतारावर सायकल घातली आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, पाय जागचे हलले नाहीत. दगड खालून धडधडत होते आणि मी वर शाबूत होते. सायकल माझ्या पायांनी उचलली जात होती. तोंडातून मी काहीतरी ओरडत होते, काय ते आठवत नाही. खालपर्यंत, शेवटच्या दगडापर्यंत मी उतरले.

आणि खाली, सपाट जमिनीवर, खाचराच्या बांधाशी थांबताना पडले.

वेग नव्हताच. समोर निमकर सर थांबले होते म्हणून मी थांबले, डावी टाच वळवली, आणि टाच बुटाच्या आत वळली. बूट वळलाच नाही. बाहेर बूट तसाच पेडलला चिकटलेला, आत माझा पाय गरगर फिरतोय आणि सगळं बोट जोडव्यावर पिळवटलं जातंय. सायकल डावीकडे कलली. ते कलणं फार सावकाश होतं, मला सगळ्यांचे चेहरे नीट दिसले. मग मी सायकलीसकट कापणीला आलेल्या भातात आडवी झाले.

“सांगितलं होतं ना, ताई,” निमकर सर म्हणाले. मी अजून आडवी होते. हात नंतर पुढे आला, वाक्य आधी.

भाताची मालकीण पलीकडून विळा हातात घेऊनच धावत आली. “माझं भात आडवं केलंस की गं बाई!” ती ओरडली. मग माझा पाय बघून म्हणाली, “पाय बांधून कोण सायकल चालवतं?” तिची मी मनापासून माफी मागितली. त्या दिवशी माझ्यावर रागावण्याचा अधिकार तिथे फक्त तिला होता.

कोणी पाठीवर थाप मारली नाही. मिसळ झाली, पण सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जणू दवाखान्यात भेटायला आले आहेत. आणि रात्री ग्रुपवर मेसेज आला. सुरक्षेच्या दृष्टीने यापुढे उतारावर महिला सदस्यांनी फ्लॅट पेडलंच वापरावीत. खाली हात जोडलेले. त्याखाली अंगठे, एकामागून एक अंगठे. महिला सदस्य! ग्रुपमध्ये महिला सदस्य मी एकटी. नाव घालायचं तरी धैर्य दाखवायचं. मी तो मेसेज सुहासला दाखवला, तो म्हणाला, “जाऊ दे ना, काळजीपोटी लिहिलंय.” काळजी या शब्दाने जेवढं माझं आयुष्य अडवलं आहे तेवढं कोणत्या भिंतीने अडवलं नसेल. मी त्या रात्री जेवले नाही. भूक नव्हती असं नाही, पण कोणी वाढलेलं खायची इच्छा नव्हती.

नंतरचं आधीच सांगून टाकते. तो नियम टिकला नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी अडतीस नंबरचे बूट घालून गेले, पेडलं तीच. कोणाला विचारलं नाही. उतरले, बांधाशी थांबले, टाच वळवली, खट्, आणि पाय जमिनीवर. पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. निमकर सर बूट बघत म्हणाले, “साइज बदललात वाटतं? मी म्हणणारच होतो.” तेव्हापासून दर आश्विनात आम्ही त्या माळावर जातो आणि सर नवीन येणाऱ्यांना सांगतात की बुटाचा नंबर सगळ्यात महत्त्वाचा, ताईंना विचारा. पाठ केलेलं वाक्य आहे. जोडव्यांबद्दल ते अजूनही काही बोलत नाहीत, कारण त्यांनी कधी विचारलंच नाही.

पण तो ऋतू आठवतो तेव्हा मला उतार आठवत नाही. सोनाराचं दुकान आठवतं.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी बोट जांभळं झालं होतं आणि जोडवं मांसात बुडालं होतं. डॉक्टरांनी बघितलं, हाड शाबूत होतं. “आधी हे कापून घ्या,” ते म्हणाले. “सोनाराकडे पटकन होईल.” मी चप्पल पायात सरकवून निघाले, तर आई दारात पदर खोचून तयार. का येताय, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटलं, त्या जोडव्याला निरोप द्यायला येत असतील, नाहीतर नवं लगेच घ्यायला. टेंभी नाक्याच्या गर्दीपाशी रिक्षा अडली आणि आम्ही उतरून चालू लागलो. मी लंगडत, त्या माझा दंड धरून. देवीच्या दर्शनाची रांग लांबवर गेली होती. आई रांगेकडे बघून नुसते हात जोडून पुढे झाल्या.

सोनार ओळखीचा, पन्नाशीचा. आम्ही वर्षानुवर्षं त्याच्याकडेच जातो. त्याने माझा पाय स्टुलावर घेतला, चष्मा वर केला आणि पक्कड खाली ठेवली.

“काकू, नवरात्र आहे,” तो आईंना म्हणाला. मला नाही. “सौभाग्याचं लेणं घटाच्या दिवसांत कापायचं? माझा हात नाही व्हायचा. तोवर बर्फ लावा. दसरा होऊ दे, मग बघू.”

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. निमकर सर, दुकानातला पोरगा, अंगठे, कपाटातली अंगठी, सगळं एकदम. मी तोंड उघडलंही. पण माझ्या आधी आई बोलल्या.

“बोट तिचं आहे का तुझं?”

“तसं नाही काकू, पण शास्त्र म्हणून…”

“माझी काढली तेव्हा कोणी मुहूर्त बघितला नव्हता रे,” आई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “ह्यांना अजून उचललंही नव्हतं. बोट सुजलेलं नव्हतं, काही नव्हतं. चांगल्या बोटातली दोघींनी धरून ओढून काढली. काढू का, असं एका शब्दाने विचारलं नाही मला. तेव्हा तुझं शास्त्र कुठे होतं? काप ते.”

सोनाराने पक्कड उचलली. त्याची मान खाली होती. पक्कड चांदीवर घट्ट झाली, मी आईंचा हात धरला, किंवा त्यांनी माझा, आणि जोडवं टक् करून उघडलं. बोटात रक्त परत आलं ते मला कळलं. खाली एक पांढरी खाच होती, लग्नाच्या दिवसापासून ऊन न बघितलेली.

“झालं,” सोनार घाईने म्हणाला. “उजव्यातलं राहू दे, काकू. ते चांगलं आहे. एक तरी असू दे.”

आई माझ्याकडे वळल्या. त्या अख्ख्या मोसमात माझ्या पायांबद्दल प्रत्येकाने मला काही ना काही सांगितलं होतं.

“तुला काय हवंय गं?” त्यांनी विचारलं.

मी उजवा पाय स्टुलावर ठेवला.